अंगणातील कण्हेर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मृगाचा पहिला पाऊस पडला की कण्हेरीविषयीची पत्रे येऊ लागतात आणि त्यांतला गोंधळ दर वर्षी तोच असतो. पाणी किती द्यावे, पिवळी आणि लाल कण्हेर एकच का, रोपवाल्याने सांगितले ते खरे का, आणि झाड विषारी असेल तर लावावे तरी का, हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जात असल्यामुळे या वेळी निवडक पत्रांना एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न (जळगाव) : आमच्या पश्चिमेच्या भिंतीलगत दुपारी बारापासून सूर्यास्तापर्यंत ऊन असते. मे महिन्यात तिथे कण्हेर टिकेल का?

टिकेल, पहिला उन्हाळा मात्र आठवड्यातून दोन वेळा आळे भरून पाणी द्यावे.

प्रश्न (भुसावळ) : कण्हेरीला काहीच लागत नाही असे सगळे सांगतात. मग आमच्या दोन वर्षांच्या झाडांची पाने ऑगस्टमध्ये पिवळी पडून का गळतात? खत वाढवू का?

खत वाढवू नये. कण्हेरीचे मूळचे घर नदीनाल्यांचे पात्र आहे. तेथे वाळू आणि गोटे असतात, पाणी येते आणि निघून जाते. कोरड्या दिवसांत तग धरण्याची व्यवस्था तिच्या पानातच आहे : पान जाड आणि चामड्यासारखे असते, आणि त्याच्या खालच्या बाजूची श्वसनछिद्रे लहान खळग्यांत, बारीक केसांच्या आड दडलेली असतात, त्यामुळे तापलेल्या वाऱ्यात पाणी जपून वापरले जाते. पाण्याची टंचाई ती सोसते, मुळांशी दिवसेंदिवस साचलेले पाणी सोसत नाही. तापीकाठची भारी काळी माती पावसात फुगते, तिच्यातल्या हवेच्या जागा बंद होतात आणि मुळे गुदमरतात.

पिवळेपणा नीट पाहावा. खालची जुनी पाने सबंध पिवळी होऊन गळत असतील आणि आळ्यातील माती बोटाला चिकटत असेल, तर पाण्याचा निचरा हेच कारण समजावे. शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर चुनखडीच्या जमिनीत झाडाला लोह मिळत नसण्याचा संभव अधिक असतो. या दोन्हींवर उपाय वेगळे आहेत. पहिल्या प्रकारात आळे मोडून बुंध्याभोवती मातीचा उंचवटा करावा आणि पाणी बाहेर जाईल अशी चारी काढावी. दुसऱ्या प्रकारात माती तपासून घेतल्याशिवाय काहीही टाकू नये. नमुना कसा घ्यायचा हे जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. नवी लागवड करणाऱ्यांनी दीड फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा घेऊन त्यात निघालेली माती, मुरूम आणि कुजलेले शेणखत मिसळून भरावे, आणि रोप आजूबाजूच्या जमिनीपेक्षा चार बोटे उंच बसवावे.

प्रश्न (नंदुरबार) : मलटाकीच्या पाइपापासून किती अंतर ठेवावे?

किमान दहा फूट.

प्रश्न (धुळे) : एका नर्सरीत ‘कलमी डबल कण्हेर’ म्हणून साध्या रोपाच्या चौपट दर सांगितला. साधे रोप पुढे एकेरी फुलांवर जाते, असे ते म्हणाले. खरे आहे का?

खरे नाही, आणि हे ऐकून मला दर वेळी वाईट वाटते, कारण यात फसतो तो हौसेने पहिली बाग करणारा माणूस. दुहेरी पाकळ्यांच्या झाडाची फांदी लावली की तिच्यापासून होणारे झाड दुहेरी फुलांचेच होते. त्यासाठी दुसऱ्या खुंटावर कलम बांधण्याची गरज नाही. बियांपासून वाढवलेल्या झाडाच्या रंगाची आणि पाकळ्यांची मात्र खात्री देता येत नाही. म्हणून विचारायचा प्रश्न एवढाच आहे : रोप फांदीचे की बियाचे?

शेजाऱ्यांकडे तुमच्या आवडीच्या रंगाचे झाड असेल तर रोप विकत घेण्याचेही कारण नाही. जून-जुलैमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीची, अर्धवट पक्व झालेली, 15 ते 20 सेंटिमीटर लांबीची छाट घ्यावी, खालची पाने काढावीत आणि ती वाळूमिश्रित मातीत निम्मी खोचावी. साधारण तीन ते चार आठवड्यांत मुळ्या फुटतात. काही जण पाण्याच्या बाटलीत छाट ठेवतात. तीही फुटते, परंतु ते पाणी विषारी होते, हे घरातील प्रत्येकाला सांगून ठेवावे आणि बाटली लहान मुलांच्या हाती लागेल अशा जागी कधीही ठेवू नये.

विकतच घ्यायचे असेल तर फुलांकडे न पाहता पिशवीच्या तळाकडे पाहावे. मुळे गोल गोल गुंडाळून तळातून बाहेर आलेली असतील तर ते रोप पिशवीत फार दिवस राहिलेले आहे. पावतीवर जातीचा रंग आणि प्रकार लिहून मागावा, आणि शक्य असल्यास कृषी महाविद्यालयाच्या किंवा शासकीय रोपवाटिकेत आधी चौकशी करावी.

प्रश्न (चाळीसगाव) : पिवळी कण्हेर आणि लाल कण्हेर या एकाच झाडाच्या जाती आहेत का?

नाही. घंटेसारख्या पिवळ्या फुलांची आणि कठीण, कोनदार फळांची ती बिट्टी. कुळ एकच असले तरी झाड वेगळे आहे, आणि विषारी दोन्ही आहेत. बिट्टीच्या बिया मुले खेळायला गोळा करतात, म्हणून अंगणात ती नसलेलीच बरी.

प्रश्न (अमळनेर तालुका) : कुंपणाची कण्हेर छाटून फांद्या बांधावर टाकल्या होत्या. दोन दिवसांनी आमच्या शेळीने त्या खाल्ल्या. काल संध्याकाळपासून ती रवंथ करत नाही, पोट फुगले आहे. गुळाचे पाणी दिले आहे. आणखी काय द्यावे?

हे पत्र माझ्या हाती पाचव्या दिवशी पडले. शेळीचे काय झाले असेल याचा विचार करत मी ते हातात धरून बसलो. या प्रश्नाला पत्राने उत्तर असूच शकत नाही. त्याचे उत्तर त्या संध्याकाळी, गुळाचे पाणी कालवण्याआधी, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात होते.

थोडे सविस्तर लिहितो, कारण कण्हेरीने होणारे बहुतेक अपघात झाड उभे असताना होत नाहीत, झाड छाटल्यानंतर होतात. ताजे पान अतिशय कडू असते. भूक नसलेले जनावर ते हुंगते आणि पुढे जाते. छाटलेली फांदी दोन दिवस उन्हात पडली की पान सुकते, कडूपणा कमी जाणवतो, आणि विष मात्र तसेच राहते. मे महिन्यात खान्देशात हिरवे गवत नावालाही उरत नाही, आणि नेमक्या त्याच दिवसांत आपण कुंपण साफ करून फांद्या बांधावर, उकिरड्यावर किंवा रस्त्याच्या कडेला लोटतो. पारोळ्याच्या बाजूला एका वस्तीवर मी कडब्याच्या कुट्टीत कण्हेरीची वाळलेली पाने स्वतःच्या हाताने वेचून काढली आहेत. यंत्राशेजारीच छाटणीचा ढीग घातलेला होता, वाऱ्याने पाने उडाली आणि कुट्टीत मिसळली. बोटभर लांबीचे, मधोमध सरळ जाड शीर असलेले ते तुकडे कडब्यात ओळखू येत होते, परंतु बैल ते निवडून बाजूला काढणार नव्हता.

कण्हेरीच्या पानात, फुलात, खोडात, मुळात आणि बियांतही हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. त्यांपैकी ओलिअँड्रिन हे मुख्य. जनावरात लाळ गळणे, पोट दुखणे, पातळ शेण, अंग गार पडणे, हृदयाचे ठोके चुकणे ही लक्षणे दिसतात. माणसात मळमळ, उलटी, पोटदुखी, चक्कर आणि मंद किंवा अनियमित नाडी. ताक, तूप, गूळ, मीठ-पाणी यांपैकी कशानेही हे विष उतरत नाही. मीठ-पाणी पाजून उलटी काढण्याचा प्रयत्न तर करूच नये. माणसाने पान चघळल्याची नुसती शंका असली तरी 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्या झाडाची डहाळी पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवायला सोबत न्यावी. ‘रात्र काढू, सकाळी बघू’ हे वाक्य या झाडाच्या बाबतीत कोणी उच्चारू नये.

याच संदर्भात दुसऱ्या एका पत्राचेही उत्तर देतो. सांधेदुखीवर कण्हेरीच्या पानांचा काढा घ्यावा असे एका वाचकांना नातेवाइकांनी सांगितले आहे. घेऊ नये. आयुर्वेदात करवीर म्हणून तिचा उल्लेख आहे हे खरे, परंतु तिथे तिची गणना उपविषांत होते आणि शोधन, म्हणजे विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया, केल्याशिवाय ती वापरत नाहीत. ते काम वैद्यांचे आहे, शेजाऱ्यांचे नाही.

तेव्हा छाटणीच्या दिवशी एवढे पाळावे. हातमोजे घालावेत, कारण चीक त्वचेला आणि डोळ्यांना त्रास देतो. खाली जुने गोणपाट अंथरून त्यावरच फांद्या पाडाव्यात. जनावर उकरणार नाही अशा खोल खड्ड्यात त्या त्याच दिवशी पुराव्यात. जाळू नयेत, धूरही अपायकारक आहे. चुलीत घालू नयेत, आणि त्यांच्या काड्या कुठल्याही खाद्यपदार्थात खुपसू नयेत. जनावरांच्या हौदावर कण्हेरीची फांदी झुकत असेल तर ती आजच काढावी. ज्यांच्या गोठ्याला लागूनच कुंपण आहे, त्यांनी तिथे कण्हेर लावूच नये. जागा दाखवून सहायक कृषी अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा आणि दुसरे झुडूप निवडावे.

प्रश्न (रावेर) : कण्हेर लावली की साप फिरकत नाहीत, हे खरे का?

नाही. साप उंदरांमागे येतो. विटांचे आणि लाकडांचे ढीग हलवावेत.

प्रश्न (शिरपूर) : शेंड्यांवर पिवळे बारीक किडे दाटले आहेत. कपाशीचे औषध शिल्लक आहे, तेच मारू का?

मारू नये. हा कण्हेरीवरचा मावा आहे. अंग पिवळे आणि पाय काळे, यावरून ओळखता येतो. त्याने झाड मरत नाही. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने शेंडे धुवावेत, फार दाटलेले शेंडे खुडून पुरावेत, आणि त्यावर लाल पाठीचे ढालकिडे दिसले तर त्यांना त्यांचे काम करू द्यावे. शेतातले उरलेले औषध घराच्या अंगणात, मुलांच्या खेळण्याच्या उंचीवर फवारणे मला मान्य नाही. महिनाभरात आटोक्यात आले नाही तर किडे असलेला शेंडा बंद पिशवीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवावा.

प्रश्न (चोपडा) : माझी कण्हेर बारा फूट गेली आहे, फुले फक्त टोकाला येतात आणि खाली नुसत्या काठ्या दिसतात. आता छाटली तर फुले जातील का?

या बहराची काही जातील, पुढच्याची वाढतील. कण्हेरीला फूल नव्या फुटीच्या टोकाला येते, म्हणून कधीच न छाटलेले झाड उंच आणि खालून उघडे होत जाते. फांदीवर पाने बहुधा तीन-तीनच्या फेऱ्यात असतात. अशा फेऱ्याच्या किंचित वर काप घेतला की खालच्या डोळ्यांतून दोन-तीन नवे फुटवे निघतात, आणि झुडूप भरते. एकदम सगळे झाड बुंध्यावर आणण्याऐवजी या पावसाळ्यात सर्वांत जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश जमिनीपासून हातभर उंचीवर कापावीत, उरलेली पुढच्या दोन वर्षांत. काप घेण्यापूर्वी वरून विजेची तार जात नाही ना, हे पाहावे. जात असेल तर स्वतः शिडी लावू नये, वीज कार्यालयात कळवावे.