‘पर्यंत’ म्हणजे धरून की सोडून?

निपाणीच्या एका सरांचा प्रश्न आहे: सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंग भाषेतलं ‘कॉपी’ (घटकांची नक्कल दुसरीकडं करणारं फंक्शन; कुठून कुठवर ते ‘फर्स्ट’ आणि ‘लास्ट’ या दोन खुणांनी सांगायचं) मराठीतून शिकवताना मी ‘फर्स्टपासून लास्टपर्यंतचे घटक उतरवते’ असं सांगतो, पण मुलं लास्टलाही धरतात. ‘पर्यंत’ चुकतंय का?

चुकत नाही, पण शब्द दुहेरी आहे. बेळगावात निपाणीपर्यंतचं तिकीट काढलं तर कंडक्टर संकेश्वरात उतरवत नाही, निपाणी धरलेलीच असते. (आपल्याकडं कानावर पडणारं कन्नड ‘वरेगे’ही तिकिटावर तसंच चालतं.) मात्र ‘दुकान उघडेपर्यंत थांब’ म्हटलं की उघडल्यावर थांबणं संपलं. नामाला लागलं तर बहुधा धरून, क्रियापदाला लागलं तर सोडून. आणि ‘सोमवारपर्यंत फी भरा’ यावर तर भांडणंच होतात! हा घोळ जुना आहे. पाणिनीनं ‘आङ् मर्यादाभिविध्योः’ या सूत्रात ‘पर्यंत’ सांगणाऱ्या ‘आ’चे दोन्ही अर्थ वेगळे काढलेत: मर्यादा म्हणजे ती सीमा सोडून, अभिविधी म्हणजे धरून. आपला ‘आबालवृद्ध’ अभिविधीतला, त्यात बाळंही आली आणि म्हातारीही.

‘कॉपी’ मात्र पक्कं मर्यादेतलं. व्हेक्टरमध्ये, म्हणजे घटकांच्या रांगेत, 10, 20, 30, 40, 50 आहेत. ‘बिगिन’ म्हणजे पहिल्या घटकाची जागा. फर्स्ट म्हणून ‘बिगिन अधिक 1’ आणि लास्ट म्हणून ‘बिगिन अधिक 4’ दिलं, तर 20, 30, 40 उतरतात; 50 राहतो. 4 वजा 1 बरोबर 3, मोजणी सरळ. पूर्ण व्हेक्टर उतरवताना हे लक्षात येत नाही, कारण ‘एंड’वर घटकच नसतो, ती शेवटच्या घटकापुढची जागा. मुलं अडकतात ती मधला तुकडा आल्यावर. खरं तर ‘लास्ट’ हे नावच फसवं.

मी ‘फर्स्टपासून, लास्टच्या अलीकडचे’ असं म्हणेन. पत्ता सांगताना ‘देवळाच्या अलीकडं’ म्हटलं की देऊळ कुणी धरत नाही. ‘उतरवते’ छान आहे, तेच ठेवा; ‘हलवते’ नको, मूळ घटक जागेवरच असतात.

तरीही जड गेलं तर ‘कॉपी एन’ दाखवा, सी प्लस प्लसच्या 2011च्या मानकापासून आहे. कुठून, किती आणि कुठं एवढंच सांगायचं. फक्त जिथं उतरवायचं तिथं तेवढी जागा आधी हवी, ‘कॉपी’ आणि ‘कॉपी एन’ दोन्हीही ती आपणहून करत नाहीत.