‘सेटल्ड’चा शिक्का पुसता येतो का?

सिबिल रिपोर्टवर, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीच्या अहवालावर, राहिलेल्या जुन्या थकबाकीबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. त्यातल्या चार प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न (ऐरोली) : २०२१ मध्ये नोकरी गेली आणि क्रेडिट कार्डाचे ६२ हजार थकले. वसुलीवाला म्हणाला, २५ हजारांत मिटवू. मी भरले. आता तळोज्याला सिडकोचं घर लागलंय, पण रिपोर्टवर ‘सेटल्ड’ आहे म्हणून बँक कर्ज देत नाही. मी तर हिशेब मिटवला होता!

उत्तर : तुमच्या लेखी मिटला, पण बँकेने ३७ हजारांवर पाणी सोडलं. ‘सेटल्ड’ म्हणजे तेवढंच. नोंद खरी आहे, त्यामुळे तक्रार करून ती निघणार नाही. सोडलेली रक्कम भरायची तयारी आहे, असं कार्ड देणाऱ्या बँकेला लेखी कळवा. त्यावर बँकेकडून लेटरहेडवर दोन गोष्टी लिहून घ्या : नेमके किती भरल्यावर बाकी शून्य होईल, आणि त्यानंतर सिबिलला खातं ‘क्लोज्ड’ म्हणून कळवलं जाईल. हे पत्र हातात येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. २०२१ मध्ये तुम्ही नेमके इथेच फसलात. पैसे आधी गेले, कागद मागितलाच नाही. रक्कम कार्डाच्या खात्यातच भरा, वसुलीवाल्याच्या यूपीआयवर नको. मग नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काहीही देणं बाकी नसल्याचं पत्र, घ्या.

१ जानेवारी २०२५ पासून बँकांना सिबिलसारख्या कंपन्यांना किमान दर पंधरवड्याला माहिती कळवावी लागते, त्यामुळे बदल दिसायला पूर्वीइतका वेळ लागू नये. तरी तुम्ही त्यासाठी थांबू नका, सिडकोचे हप्ते थांबत नाहीत. नो ड्यूजचं पत्र गृहकर्जाच्या अर्जाला लगेच जोडा आणि मॅनेजरना भेटून सगळं सांगा. हप्ते चुकल्याच्या जुन्या नोंदी आणखी काही काळ राहतील, क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीवरून मिळणारे गुण, हळूहळूच वर येईल.

प्रश्न (नौपाडा) : तीन वर्षांनी कर्ज कालबाह्य होतं ना? मग नोंदही जाईल?

उत्तर : नाही. तीन वर्षांची मुदत बँकेने कोर्टात दावा लावण्यासाठी आहे. रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं जपावी लागते.

प्रश्न (कोपरखैरणे) : मी एपीएमसी मार्केटला माथाडी कामगार आहे. ॲपवरून कधीच कर्ज घेतलं नाही, तरी रिपोर्टवर १८ हजारांचं ‘रिटन ऑफ’ (बुडीत धरलेलं) कर्ज दिसतंय. रात्री नऊला वसुलीचे फोन येतात. थोडे देऊन प्रकरण मिटवू का?

उत्तर : अजिबात नको. पैसे दिलेत, तर न घेतलेलं कर्ज तुम्हीच कबूल केल्यासारखं होईल. ही नोंद पूर्णपणे निघू शकते. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर घेऊन रिपोर्ट देणाऱ्या कंपनीच्या साइटवर ‘हे खातं माझं नाही’ अशी तक्रार करा. ती फुकट असते. त्याच दिवशी कर्ज देणाऱ्या कंपनीला लिहून कराराची प्रत मागा आणि पैसे कोणत्या खात्यात जमा झाले ते विचारा. बहुतेक वेळा या दुसऱ्या प्रश्नावरच खोटेपणा उघडा पडतो. सायबर पोलिसांकडेही तक्रार द्या, हेल्पलाइन १९३०.

तक्रार ३० दिवसांत निकालात निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा तुमचा हक्क आहे. रिझर्व्ह बँकेचा हा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरीही दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथेही फी नाही. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. कॉलची वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट तक्रारीला जोडा.

प्रश्न (ठाणे पश्चिम) : स्टेशनजवळचा एक एजंट १५ हजारांत, आठ दिवसांत सिबिल ‘क्लीन’ करून देतो म्हणतो. आधार, पॅन आणि ओटीपी मागतोय.

उत्तर : देऊ नका, कळकळीने सांगतो. कर्ज देणाऱ्याने दुजोरा दिल्याशिवाय सिबिलसुद्धा आपल्या मनाने नोंद बदलत नाही, मग एजंट काय बदलणार? चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता, आणि खरी नोंद त्यालाही पुसता येत नाही. आधार, पॅन आणि ओटीपी एकाच माणसाच्या हाती गेले, की तुमच्या नावावर नवं कर्ज निघायला वेळ लागत नाही. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. आधी ते चारही काढा. ओटीपी सांगून झाला असेल, तर आजच बँकेला कळवा.