लहान लेकरांना माणसामाणसांतलं सारखेपण आणि वेगळेपण कसं शिकवावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की तुमची साडेचार वर्षांची मुलगी लातूरला ऑटोत शेजारच्या बाईच्या हातावरचे पांढरे डाग बघून मोठ्यानं म्हणली "आई, यांच्या हाताला काय झालंय?", तुम्हाला लाजल्यासारखं झालं, तुम्ही तिला चूप केलं आणि आता विचारताय की माणसं वेगवेगळी असतात तरी सारखीच असतात हे एवढ्याशा लेकराला कसं शिकवायचं आणि कोणत्या वयापासून. मी उदगीरकडच्या भागात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते, हा विषय माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा मोठंच उत्तर लिहितेय.

आधी एक सांगते, तुमच्या लेकीनं काही वाईट केलेलं नाही. तिला दिसलं, तिनं विचारलं. आपण चूप म्हणलो की तिला उत्तर तर मिळत नाहीच, पण एवढं मात्र पक्कं कळतं की या बाईच्या अंगावर असं काहीतरी आहे ज्याच्याबद्दल बोलायचं नसतं, म्हणजे ते वाईट असणार, घाण असणार. हे आपण तिला शिकवायचं म्हणून शिकवलेलं नसतं पण ती शिकून जाते. त्यापेक्षा तिथल्या तिथं साध्या आवाजात, त्या बाईंनाही ऐकू जाईल असं सांगायचं, "ते कोड आहे बाळा, आपल्या कातडीला रंग देणाऱ्या बारीक पेशी असतात, काहींच्या कातडीत कुठे कुठे त्या राहत नाहीत म्हणून तेवढी जागा पांढरी दिसते, हात लावल्यानं ते कोणाला होत नाही." आणि त्या बाईंकडं बघून हसायचं, कुठं उतरायचंय ताई असं काहीतरी बोलायचं. बस एवढंच. आपल्याकडं अजून कितीतरी लोक कोड आणि कुष्ठरोग एकच समजतात, पाण्याचा ग्लास वेगळा ठेवतात, जमलेलं लग्न मोडतात. कोड संसर्गानं होतच नाही, आणि कुष्ठरोग जंतूमुळं होतो पण तोही औषधानं पूर्ण बरा होतो, सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं. हे मोठ्यांनाच माहीत नसतं तर लेकरू कुठून शिकणार.

कोणत्या वयापासून म्हणाल तर तुम्ही ठरवायच्या आधीच ते सुरू झालेलं असतं. तीन महिन्यांचं बाळसुद्धा ज्या तऱ्हेचे चेहरे रोज बघतं तसल्या चेहऱ्यांकडं जास्त वेळ बघत राहतं असं संशोधनात दिसलंय. तीन-चार वर्षांचं झालं की रंग, केस, कपडे, बोलणं सगळं टिपायला लागतं आणि सरळ विचारतं. फरक दिसणं हे डोळ्यांचं काम आहे, ते थांबवता येत नाही आणि थांबवायचंही नाही. यातलं कोण वर आणि कोण खाली हे मात्र डोळ्यांना दिसत नसतं, ते आपल्या तोंडून जातं. माझं सगळं म्हणणं या एकाच गोष्टीवर आहे, फरकाला नाव द्या, नीट नाव द्या, पण उतरंड लावू नका.

यावर अमेरिकेत रेबेका बिगलर नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केलेलं काम मला फार महत्त्वाचं वाटतं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना काहींना लाल आणि काहींना निळे टीशर्ट घालायला दिले. काही वर्गांत शिक्षक त्या रंगाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. काही वर्गांत मात्र रोज "लालवाले इकडं या, निळेवाले रांग करा" असं चालायचं, पण लाल चांगले किंवा निळे वाईट असं कोणीही एकदाही म्हणलं नाही. तरी काही आठवड्यांत दुसऱ्या प्रकारच्या वर्गांतल्या लेकरांचा आपल्याच रंगाकडं ओढा जास्त झालेला दिसला. म्हणजे आपण नुसतं गटाचं नाव घेऊन घेऊन हाका मारल्या तरी लेकरू समजतं की हा गट म्हणजे काहीतरी महत्त्वाची गोष्ट असली पाहिजे. हे वाचल्यापासून मी वर्गात "मुलींनी इकडं, पोरांनी तिकडं" म्हणायचं बंद केलं. रांग करायची तर ज्यांच्या घरी शेळी आहे ते आधी, मग ज्यांना शेंगदाण्याची चटणी आवडते ते, मग ज्यांचा दात पडलाय ते, असं रोज बदलतं. तांड्यावरचा पोरगा आणि सराफाची पोरगी एकाच रांगेत येतात कारण दोघांचाही दात पडलाय, आणि तोंड उघडून एकमेकांना दाखवायलेत. सारखेपण शिकवायला भाषण लागत नाही, ते असं सापडावं लागतं त्यांचं त्यांना.

घरी काय करायचं ते सांगते. एक म्हणजे रंगपेटीतला तो फिकट गुलाबी खडू, ज्याला सगळी लेकरं "स्किन कलर" म्हणतात, तो बाजूला ठेवा आणि पोस्टर कलर घेऊन बसा. पांढरा, पिवळा, लाल, तपकिरी, थोडासा काळा. मनगटावर ठिपका लावून बघत बघत आपला रंग तयार करायचा, तिचा, तुमचा, बाबाचा, आजीचा. एकाही माणसाचा रंग बाटलीतल्यासारखा निघत नाही, आणि सगळ्यांच्या रंगात त्याच चार-पाच बाटल्या असतात, फक्त कमीजास्त. मग सांगायचं की कातडीत मेलॅनिन नावाची वस्तू असते, ती उन्हापासून आपल्याला जपते, कुणात जास्त कुणात कमी. पहिलीच्या लेकराला हे छान कळतं, मी बघते ना. आणि कृपा करून घरात "गोरी झाली हो पोरगी, उन्हात जाऊ नको काळी होशील" हे थांबवा. आपल्या मराठवाड्यात शेतात राबणारी अर्धी माणसं उन्हानं रापलेली, आणि तरी आपण सून बघायला गेलो की रंगच बघतो. काळं म्हणणं ही शिवी नाही, काळं म्हणताना तोंड वाकडं करणं ही शिवी आहे, आणि लेकरू आपलं तोंडच बघत असतं.

दुसरं भाषेचं. आमच्या उदगीर, देगलूर पट्ट्यात हे आयतं मिळतं, कर्नाटक आणि तेलंगणा दोन्ही जवळ, त्यामुळं एकाच वर्गात घरी कानडी बोलणारं, तेलुगू बोलणारं, दखनी बोलणारं, गोरमाटी म्हणजे बंजारा समाजाची भाषा बोलणारं लेकरू असतं आणि शाळेत येऊन सगळ्यांना पुस्तकातली मराठी बोलावी लागते. "पाणी" शब्द पुस्तकात आला की मी विचारते तुमच्या घरी काय म्हणतात, मग नीरू, नीळ्ळु, पानी सगळं फळ्यावर देवनागरीत लिहिते. आईला गोरमाटीत याडी म्हणतात हे सगळ्या वर्गाला माहीत आहे. जे पोरगं पूर्ण वाक्य मराठीत येत नाही म्हणून मागं बसायचं ते त्या दिवशी पुढं उभं राहून सगळ्यांकडून म्हणवून घेतं. तुमच्या घरी एकच भाषा असेल तर भाजीवाल्या मावशींना, ड्रायव्हरदादांना, शेजाऱ्यांना विचारा की तुमच्याकडं याला काय म्हणता, मुलीसमोर विचारा. आई शिकायली हे तिला दिसू द्या.

आता जरा अवघड भागाकडं येते. नुसतं शेजारी बसवलं की मैत्री होते असं नसतं. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं 1954 मध्येच लिहून ठेवलंय की वेगळ्या गटातली माणसं एकत्र आल्यानं आकस कमी व्हायचा असेल तर दोघांचा दर्जा बरोबरीचा पाहिजे, काम दोघांचं मिळून पाहिजे, एकमेकांशिवाय ते पुरं होऊ नये आणि वरच्या माणसाचा त्याला पाठिंबा पाहिजे. मला हे सगळ्यात जास्त पटतं ऊसतोडीवरून परत येणाऱ्या लेकरांच्या बाबतीत. दिवाळीच्या आसपास आईबापाबरोबर कोयत्यावर जातात, कारखान्याचा पट्टा पडला म्हणजे गाळप हंगाम संपला की परत येतात, तोवर वर्ग पुढं गेलेला असतो. काहींसाठी हंगामी वसतिगृह असतं पण सगळीच थांबत नाहीत. परत आल्यावर वर्गातली बाकीची लेकरं त्यांना ढ समजतात आणि आपण मोठे लोक "बिच्चारी" म्हणतो. बिच्चारी म्हणणंसुद्धा खालीच ढकलणं आहे. त्या पोराला गाडीत मोळ्या कशा रचायच्या हे माहीत असतं, बैल कशाला बुजतो ते माहीत असतं, कोपी म्हणजे पाचटाची झोपडी कशी बांधायची ते माहीत असतं. मी जोड्या लावते, एकजण वाचणार, दुसरा काड्या-पाचट घेऊन वर्गाबाहेर छोटी कोपी बांधून दाखवणार आणि मग दोघांनी मिळून त्यावर चार ओळी लिहायच्या. एकट्याला दोन्ही जमतच नाही, म्हणून दोघं एकमेकांना धरून राहतात.

कानात मशीन असलेलं लेकरू, पायात पट्टा घालणारं लेकरू, यांच्या बाबतीतही हेच. त्याच्या आईला आणि त्याला स्वतःला विचारून मगच वर्गात सांगायचं, आणि कामाचं सांगायचं, की हिच्याशी बोलताना समोर या, तोंड दिसू द्या, ओरडू नका. बाकी ती इतर पोरींसारखीच खो-खोत पळते.

सणांचं बोलायचं तर शिरखुर्मा खाल्ला, गुरुद्वारा बघितला, झालं शिकवून, असं नको. पण आपल्याकडं गोष्टी खूप आहेत त्या वापरा. हिंगोली जिल्ह्यातलं नरसी हे संत नामदेवांचं गाव मानतात, त्यांची 61 पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, आणि गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये देह ठेवला तो नांदेडला. नांदेडला गेलात तर मुलीला लंगरमध्ये पंगतीत बसवा, कोणाच्या शेजारी बसलोय हे कोणी विचारत नाही ते बघू द्या, आणि मग नामदेवांची गोष्ट सांगा. पैठणच्या एकनाथांनी वाळवंटात तापलेल्या वाळूवर रडणारं लेकरू कडेवर घेतल्याची गोष्ट सगळेच सांगतात, पण ते लेकरू कोणत्या समाजाचं होतं आणि लोकांना त्याला शिवायचं का नव्हतं हे गाळून सांगतात. मग त्या गोष्टीत उरतं काय?

आणि हो, जात. दुसरीतलं लेकरू विचारतंच, आमच्यात विचारतात, कारण गावात वस्त्या वेगळ्या असतात आणि आडनावावरून कोण काय ते त्यांनी ऐकलेलं असतं. "जात-बित काही नसतं" असं सांगू नका. ज्या लेकराला कुणाच्या तरी ओसरीच्या खालीच उभं केलं गेलंय त्याला माहीत असतं की असतं. माझं उत्तर असं असतं, की फार पूर्वीपासून काही लोकांनी काही लोकांना जन्मावरून हलकं ठरवलं, पाणी भरू दिलं नाही, शाळेत बसू दिलं नाही, ते चूक होतं, अन्याय होता, आणि 1950 पासून आपल्या संविधानानं अस्पृश्यता बंद केली, ती पाळणं गुन्हा आहे, तरी काही लोक अजून तसं वागतात आणि आपण तसं वागायचं नाही. सात वर्षांच्या मुलाला अन्याय हा शब्द बरोबर कळतो, खेळात कुणी डाव चोरला की कसे भांडतात बघा. तुमची मुलगी अजून लहान आहे, तिला एवढं नाही सांगितलं तरी चालेल, पण नव्या मैत्रिणीचं नाव सांगितल्यावर "आडनाव काय गं तिचं" हा प्रश्न तुमच्या घरात कोणी विचारत असेल तर तो आजच बंद करा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की सासूबाई जुन्या विचारांच्या आहेत, मुलीसमोर काहीही बोलतात. त्यांच्याशी मुलीसमोर भांडू नका, पण गप्पही राहू नका. नंतर मुलीला सांगा "आजी तसं म्हणते, मला ते पटत नाही, मी तसं म्हणत नाही." लेकराला दोन मतं झेपतात, आजीवरचं प्रेमही तसंच राहतं. आणि बोलण्यापेक्षा जेवणाचं बघा. लातूरकडं तुमची शेती असेल तर येळवसला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात सगळी बोलावलेली असतातच, भज्जी आणि आंबील काही मोजून केलेली नसते. यंदा मुलीच्या वर्गातल्या चार मैत्रिणी त्यांच्या आईबापासकट बोलवा, अगदी ठरवून वेगवेगळ्या घरच्या. त्यांच्या आयांना स्वतः फोन करा, काय खातात काय नाही ते विचारून घ्या म्हणजे त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही, आणि वाढायचं काम सासूबाईंकडंच द्या, येळवसला वाढायला त्यांनाही आवडेलच. मग त्यांच्यापैकी कुणाच्या घरून ईदला, बंजारा समाजाच्या सेवालाल जयंतीला, बुद्ध पौर्णिमेला किंवा साध्या वाढदिवसाला बोलावणं आलं तर मुलीला घेऊन जा, आणि नुसता चहा घेऊन उठू नका, जेवून या.