वास ट्रेला, कारण वाडग्यात

प्रश्न : नमस्कार डॉक्टरताई. माझ्याकडे दोन मांजरं आहेत. चिंगी चार वर्षांची आणि ढब्बू अडीच वर्षांचा. दोघांचीही नसबंदी झाली आहे, दोघं कायम घरातच असतात. लिटर ट्रे एकच, तो पॅसेजमध्ये ठेवलाय. वर्षभरापूर्वी माझी नोकरी सुटली. खर्च आटोक्यात ठेवायचा म्हणून मोठ्या पोत्यातलं सुटं ड्राय फूड आणायला लागले, सगळ्यात स्वस्त. तेव्हापासून ट्रेचा वास असह्य झालाय. ढब्बूची शी मऊ आणि ढीगभर असते, आणि हल्ली तो ती झाकतही नाही. आईला त्या वासानं मळमळतं. ती म्हणते, मांजरं कुणाला तरी देऊन टाक. एका पाकिटावर ‘शीचा वास कमी करणारं’ असं लिहिलेलं पाहिलं, पण ते दुप्पट महाग आहे. त्याचा खरंच उपयोग होतो का? मला परवडेल असं काय घेऊ?

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. मांजरं देऊन टाकायची वेळ मुळीच आलेली नाही. आईंना म्हणावं, तीन आठवडे कळ काढा. तुम्ही लिहिलंय त्यातच वासाची कारणं दिसतात, आणि ती दूर करता येण्यासारखी आहेत.

खाणं बदलण्याआधी ढब्बूची शी तपासून घ्या. वर्षभर शी मऊ होतेय, तर सगळा दोष खाण्यावर टाकून चालणार नाही. जिआर्डिया (आतड्यात राहणारा सूक्ष्म परजीवी) किंवा जंत असलेलं मांजर खेळतं, जेवतं, अंगानंही बरं दिसतं. फक्त ट्रेजवळ गेलं की नाक मिटावं लागतं. त्याच दिवशीची चमचाभर शी झाकणाच्या स्वच्छ डबीत घालून न्या. जिआर्डिया प्रत्येक नमुन्यात सापडतोच असं नाही, त्यामुळे डॉक्टरांनी वेगवेगळ्या दिवसांचे दोन-तीन नमुने मागितले तर ते द्या. दोघं एकच ट्रे वापरतात, म्हणून चिंगीचीही तपासणी करा. महागडं खाणं महिनाभर घालून बघण्यापेक्षा हा खर्च बहुधा कमीच होईल.

तपासणीत काही निघालं नाही, की खाण्याकडे वळू.

शीला वास येतो तो मुख्यतः न पचलेल्या प्रथिनांमुळे. लहान आतड्यात जे पचलं ते मांजराच्या अंगी लागलं. जे पचलं नाही ते मोठ्या आतड्यात उतरतं आणि तिथले जिवाणू त्याच्यावर ताव मारतात. त्यातून इंडोल, स्कॅटोल आणि गंधकाचे वायू तयार होतात. कुजक्या अंड्यासारखा जो भपकारा येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. म्हणजे वाडग्यातलं जितकं जास्त पचेल, तितकं ट्रेमध्ये कमी पडेल आणि जे पडेल त्याला वासही कमी येईल. खाणं निवडताना मी सगळ्यात आधी हेच बघते.

इथे बरेच जण फसतात, मीही फसले होते. माझी मनी आता अकरा वर्षांची आहे. ती तरुण असताना मी पाकिटावरचा 40 टक्के प्रथिनांचा आकडा पाहून एक खाणं आणलं. मांजर मांसाहारी, तेव्हा प्रथिनं जितकी जास्त तितकं चांगलं, असा माझा हिशोब होता. आठवडाभरात घरात उभं राहवेना. नंतर लक्षात आलं, की पाकिटावर ‘क्रूड प्रोटीन’ म्हणून जो आकडा छापतात तो प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून काढतात. नायट्रोजन किती निघाला ते मोजायचं आणि त्याला 6.25 नं गुणायचं. हा नायट्रोजन कोंबडीच्या छातीच्या मांसातून आला की पिसं, कातडी आणि कुर्चांमधून, ते या आकड्यावरून कळत नाही. मांस मांजराला छान पचतं, पिसांचं तसं नाही. आकडा मात्र दोन्हीचा सारखाच दिसतो.

मग मी घरच्या लहान वजनकाट्यावर मनीची शी आठ दिवस रोज मोजली, खाणं बदललं आणि पुन्हा आठ दिवस मोजली. आधीची शी फिकट तपकिरी, फुगीर, बोटानं दाबली तर स्पंजासारखी दबणारी. लिटर तिला नीट चिकटायचंच नाही, ओली बाजू उघडी राहायची आणि खोलीभर दरवळायची. नंतरची गडद, घट्ट, जेमतेम दोन बोटांएवढी, वरून लिटरचा सुका थर बसलेली. वजन जवळपास निम्म्यावर आलं होतं. तुम्हीही हे करून बघा. नवं खाणं मानवतंय की नाही, ते पाकिटावरच्या मजकुरापेक्षा तुमचं खोरंच नीट सांगेल.

आता पैशांचं. किलोचा भाव बघू नका, रोजच्या वाटीचा भाव बघा. पाकिटाच्या मागे 100 ग्रॅममध्ये किती कॅलरी आहेत ते बहुतेक वेळा दिलेलं असतं. चार किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या मांजराला दिवसाला साधारण 200 ते 220 कॅलरी पुरतात. आपण 210 धरू. एका खाण्यात 100 ग्रॅमला 320 कॅलरी असतील, तर मांजराला रोज 66 ग्रॅम लागेल. दुसऱ्यात 390 असतील, तर 54 ग्रॅममध्ये भागेल. म्हणजे दोन किलोचं पाकीट पहिल्या खाण्यात 30 दिवस पुरेल आणि दुसऱ्यात 37 दिवस. दुसरं खाणं किलोमागे 20 टक्के महाग असलं तरी रोजचा खर्च तेवढाच येतो, आणि ट्रेमध्ये कमी पडतं म्हणून लिटरही कमी लागतं. त्याच्याही वर किंमत गेली तर मात्र नीट विचार करा. सगळ्यात महाग खाणं घ्यायची काही गरज नाही. मधल्या किमतीतलं, सुरुवातीच्या घटकांमध्ये मांसाचं किंवा माशाचं नाव स्पष्ट लिहिलेलं खाणं बहुतेक मांजरांना छान मानवतं.

‘नाव स्पष्ट’ म्हणजे काय, ते सांगते. कोंबडी, कोंबडीचं मील, टर्की, सामन असं लिहिलेलं असेल तर चांगलं. नुसतं ‘प्राणिजन्य पदार्थ’ लिहिलं असेल तर प्रत्येक खेपेला आत काय असेल याचा नेम नसतो. ‘मील’ म्हणजे पाणी आणि चरबी काढून केलेली पूड, त्यामुळे हा शब्द दिसला म्हणून खाणं वाईट समजू नका. घटकांची यादी वजनाच्या क्रमानं लावतात आणि त्यात पाणीही धरतात. ताजं मांस त्यातल्या पाण्यामुळे यादीत वर चढतं आणि मील मागे दिसतं, इतकंच. मात्र पहिल्या तीन-चार नावांत मका, गहू आणि सोयाच असतील तर ते पाकीट परत ठेवा. राखेचा, म्हणजे खाणं जाळल्यावर उरणाऱ्या खनिजांचा, आकडा दिला असेल तर तोही बघा. तो फार जास्त असेल तर हाडांचा चुरा भरपूर आहे असं समजा.

आणि ‘संपूर्ण आहार’ असं लिहिलेलंच घ्या. ‘पूरक आहार’ किंवा ‘ट्रीट’ लिहिलेलं स्वस्त दिसतं, पण त्यावर मांजर जगू शकत नाही. टॉरिन हे अमिनो आम्ल मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं की दृष्टी जाते, हृदयाचे स्नायू ताणले जाऊन सैल पडतात. हृदयविकाराशी टॉरिनचा संबंध 1987 मध्ये उघड झाला आणि त्यानंतर खाण्यातलं त्याचं प्रमाण वाढवलं गेलं. कुत्र्याचं खाणं स्वस्त मिळतं म्हणून मांजराला घालणारे लोक माझ्याकडे येतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं. असं कधीही करू नका.

‘वास कमी करणारं’ म्हणून मिळतं त्यात बहुधा युका नावाच्या वनस्पतीचा अर्क असतो, किंवा चिकोरीचे, बीटचे तंतू. यांचा थोडा उपयोग होतो. युकानं वास काहीसा कमी होतो, तंतूंनी शी बांधली जाते. पण मूळ प्रथिन हलक्या प्रतीचं असेल तर युका घालून ते पचत नाही. दुप्पट पैसे देण्याइतका फरक पडेल असं मला वाटत नाही. मधल्या किमतीच्या खाण्यात युका आपोआपच आला असेल तर चांगलंच.

तुमचं सध्याचं सुटं खाणं मात्र आजच बंद करायचं ठरवा. उघड्या पोत्यातल्या खाण्याची चरबी हवा लागून खवट होते. त्यावर तारीख नाही, घटक नाहीत, कॅलरी नाहीत, मग हिशोब कशावर करणार? बंद पाकीट घ्या, पण फार मोठं नको. उघडलेलं पाकीट सहा आठवड्यांत संपायला हवं. तुमच्या दोघांना मिळून रोज 110 ग्रॅमच्या आसपास लागेल, म्हणजे साडेचार किलोच्या वर जाऊ नका. खाणं त्याच पिशवीत ठेवा, तोंड घट्ट बांधा आणि पिशवी डब्यात ठेवा. डब्यात नुसतं ओतलं की डब्याला चिकटलेली जुनी चरबी नव्या खाण्यालाही खवट करते.

वेट फूड परवडत असेल तर एक पाऊच दोघांत वाटून द्या आणि तेवढ्या कॅलरीचं ड्राय फूड कमी करा. पाऊचवर प्रथिनं 9 टक्के दिसली म्हणून नाराज होऊ नका. त्यात 80 टक्के पाणी असतं. पाणी वजा केलं तर तीच प्रथिनं 45 टक्के होतात. 30 टक्के लिहिलेल्या ड्राय फूडमधलं 10 टक्के पाणी वजा केलं तर 33 च्या जवळपास येतं. तुलना करायची तर अशी पाणी काढूनच करा. पोटात पाणी जास्त गेलं की लघवी पातळ होते आणि तिचा उग्रपणा कमी होतो. पाऊच जमत नसेल तर ड्राय फूडवर कोमट पाणी घाला. ओलं केलेलं खाणं तासा-दोन तासांत उचलून टाका.

बदल सावकाश करा. पहिले दोन-तीन दिवस चार भागांत एक भाग नवं, मग अर्धं, मग तीन भाग, असं करत सात ते दहा दिवसांत पूर्ण नव्यावर या. एकदम बदललंत तर दोघांचीही पोटं बिघडतील आणि तुम्ही चांगल्या खाण्याला दोष द्याल. ‘भूक लागली की खाईल’ म्हणून हट्ट धरू नका. मांजर दोन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठायला लागते, जाड मांजराला हा धोका जास्त. एक पूर्ण दिवस कुणी काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना फोन करा. दूधही बंद करा. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही आणि शी आणखी पातळ होते.

आता ट्रे. अमोनियाचा डोळ्यांत झोंबणारा वास खाण्यानं पुरता जाणार नाही. लघवीतल्या युरियापासून जिवाणू अमोनिया तयार करतात. ताज्या लघवीला तो नसतो, पडून राहिल्यावर येतो. म्हणून गोळे सकाळी एकदा आणि रात्री एकदा काढा. दोन मांजरांना तीन ट्रे असावेत असं आम्ही सांगतो. तुम्ही निदान दुसरा तरी ठेवाच, आणि तो पहिल्याला खेटून नको. मला वाटतं ढब्बू शी झाकत नाही त्याचं कारणही इथेच आहे. घाणीत पाय घालून उकरायला त्याला नको वाटत असणार. लिटरचा थर पाच ते सात सेंटिमीटर ठेवा. सुवासिक लिटर घेऊ नका, मांजराच्या नाकाला ते फार होतं. ट्रे धुताना ब्लीच वापरू नका. अमोनियाशी मिसळून त्याचा विषारी वायू होतो, आईंना आधीच मळमळतं. साधा साबण आणि गरम पाणी पुरे. ट्रे जुना होऊन नखांचे ओरखडे पडले असतील तर बदला. वास त्या खाचांमध्ये बसतो आणि धुऊनही जात नाही.

तीन आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. ढब्बूच्या शीच्या तपासणीत काय आलं ते आणि आठ दिवसांची वजनं, दोन्ही कळवा.

प्रश्न : आमचा बोका चौदा महिन्यांचा आहे, नसबंदी केलेली नाही. त्याच्या लघवीचा वास घरभर असतो, भिंतींवरही उडवतो. कुठलं खाणं द्यावं?

उत्तर : यावर खाण्याचा उपाय नाही. वयात आलेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनिन नावाचं गंधकयुक्त अमिनो आम्ल भरपूर असतं. ते फुटलं की तो विशिष्ट दर्प येतो, माद्यांना आपली खबर देणारा. नसबंदी केल्यावर फेलिनिन खूप कमी होतं आणि भिंतीवर उडवणंही बहुतेक बोके सोडून देतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थांबावं लागेल, कारण अंगातली संप्रेरकं हळूहळू ओसरतात. तोवर भिंती एन्झाइमच्या क्लीनरनं पुसा. नुसत्या फिनेलनं डाग जातो, पण खूण त्याच्या नाकाला लागते आणि तो पुन्हा तिथेच जातो.

आणखी एक. तो ट्रेमध्ये वारंवार बसतोय, जोर करतोय, ओरडतोय आणि थेंबही येत नाहीये असं कधी दिसलं, तर वास कमी झाला म्हणून निर्धास्त राहू नका. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जीव जातो. रात्र असली तरी त्याच वेळी दवाखान्यात न्या.