पर्थचा बेल टॉवर: तिकीट काढावं की बाहेरूनच बघावा?

तुम्ही विचारलंय, 'आम्ही दोघं नाशिकचे, मुलाकडे पर्थला चाललोय. तिथल्या बेल टॉवरचं तिकीट काढून आत जाण्यासारखं आहे का, की बाहेरून फोटो काढला की झालं?'

मी पंचवटीतली. लेक पर्थला असते, म्हणून दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा मी तिकीट फुकट घालवलं आणि दुसऱ्यांदा वसूल केलं. फरक इतकाच की पहिल्या वेळी घंटा वाजत नव्हत्या.

नुसता टॉवर बघायचा तर तो बाहेरूनच देखणा आहे. स्वान नदीच्या काठी बॅरॅक स्क्वेअरमध्ये काचेचा उंच सुळका आणि त्याला दोन बाजूंनी तांब्याची वळणदार शिडं. उंची ८२.५ मीटर. पण ती वाचून फसू नका, तुम्हाला टोकापर्यंत जाता येत नाही. बघायचा सज्जा बराच खाली आहे आणि मागच्या ऑफिसांच्या इमारती त्याच्यापेक्षा उंच. आमच्या ह्यांनी वर जाऊन पहिलं वाक्य काढलं, "यापेक्षा पांडवलेणीवरून जास्त दिसतं." ह्यांचं बोलणं मी सहसा मनावर घेत नाही, पण ते खरं होतं. बाहेरून बघायचा असेल तर 'एलिझाबेथ की' या धक्क्यावरून साउथ पर्थला जाणारी फेरी बोट घ्या. पाण्यातून तो सगळ्यात छान दिसतो.

आता घंटांचं. आत दोराने फिरवून वाजवायच्या १८ आहेत. त्यातल्या १२ लंडनच्या ट्रफाल्गर चौकातल्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चच्या. १८व्या शतकात ओतलेल्या, १७२५ ते १७७० या काळातल्या. १९८८ साली ऑस्ट्रेलियातल्या वसाहतीला २०० वर्षं झाली, तेव्हा त्या पर्थला भेट मिळाल्या. बदल्यात पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खाण कंपन्यांनी चर्चच्या नव्या घंटांसाठी धातू दिला. पण पर्थला टॉवर झाला २००० सालच्या डिसेंबरात, म्हणजे घंटा आधी आणि घर मागून. त्याच्या खर्चावरून तिथे बोंबाबोंबही बरीच झाली होती.

हे सगळं वाचताना मला आमची घंटा आठवली. तुम्ही नाशिकचे म्हणजे नारोशंकराची घंटा माहीत असणारच. रामकुंडाजवळचं ते रामेश्वराचं देऊळ नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४७ मध्ये बांधलं. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ही घंटा. तिच्यावर १७२१ साल आहे. म्हणजे आपली घंटा पर्थच्या त्या बारा जणींपेक्षा वयाने थोरली! आणि गंमत अशी की दोन्हीकडच्या घंटा मूळच्या चर्चच्या संस्कृतीतल्या, परक्या नदीकाठी येऊन वसलेल्या. आपली लढाईतून आली, त्यांची वाढदिवसाच्या भेटीतून.

वाजवायची रीत मात्र अगदी वेगळी. देवळात घंटा जागेवर असते, आतला लोलक हलतो. तिथे अख्खी घंटाच फिरते. ती आधी उलटी, तोंड वर करून उभी ठेवतात. शेजारी मोठं चाक, चाकावरून खाली आलेला दोर. दोर ओढला की घंटा पूर्ण फेरी मारून पुन्हा तोंड वर करून थांबते. त्या बारांतली सगळ्यात मोठी जवळजवळ दीड टनाची, ती एक माणूस ताकदीने नाही, तर अंदाजाने फिरवतो. एका घंटेला एक माणूस. दोराला जिथे धरतात तिथे रंगीत लोकरीची जाड पकड असते.

आणि ते गाणं वाजवत नाहीत, हे आधीच मनाशी धरून जा. ह्यांची तिथेच निराशा झाली. एकदा १-२-३-४ या क्रमाने वाजलं, की पुढच्या वेळी २-१-४-३, मग आणखी वेगळं. क्रमच बदलत राहतो. सात घंटा असल्या तर ५०४० क्रम होतात, आणि ते सगळे एकदाही पुन्हा न येता वाजवायला तीन तासांच्या आसपास लागतात. हातात कागद नसतो, सगळं पाठ. आम्ही गेलो तेव्हा दोरावर केस पांढरे झालेल्या दोन आज्या होत्या, अंगावर साधे टी-शर्ट, नजर एकमेकींच्या दोरावर. लेझीम खेळताना जसं शेजारचीचं पाऊल डोळ्याच्या कोपऱ्यातून धरावं लागतं, तसं. पहिली पाच मिनिटं मला नुसता गोंगाट वाटला. मग कधीतरी कानाला एक घंटा सापडली, ती कुणाच्या पुढे जाते, कुणाच्या मागे राहते ते कळायला लागलं, आणि अर्धा तास कुठे गेला समजलं नाही. हे तिथे खाली उभं राहून ऐकलं तर अर्धंच कळतं. आत काचेपलीकडे माणसं आणि घंटा दोन्ही दिसतात, म्हणून तिकीट.

घंटा रोज वाजत नाहीत. आम्हाला मिळाली ती वेळ दुपारी बाराची होती, पण वार बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी टॉवरच्या संकेतस्थळावर वार बघा. त्या दिवशी जायला जमत नसेल तर तिकिटाचे पैसे वाचवा आणि त्यात दोन कॉफ्या प्या. वारा नदीवरून फार येतो, एक स्वेटर ठेवा.

आणि जायच्या आधी एकदा संध्याकाळी पंचवटीत या. नारोशंकराची घंटा डोळे भरून बघा. आम्ही रोज तिच्यासमोरून जायचो आणि गोदावरीला पूर आला की 'पाणी कुठवर आलंय' एवढंच विचारायचो. तिच्यावर साल कोरलंय, हे मला पर्थहून परत आल्यावर कळलं.