खुंटा एक, होड्या तीन

(वाचकांचे प्रश्न आणि नानांची उत्तरं. नानांची सगळी नोकरी धरणाच्या पाण्यावर लाँच चालवण्यात गेली. आता मुक्काम चांगदेवजवळ, आणि रोज संध्याकाळी घाटावर.)

नाना, आमचं घर तीन पिढ्या मासेमारीचं. तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याला, आमच्या गावचा घाट आहे, त्यावर खुंटे दोनच. गावातल्याच एकाने गेल्या वर्षी इंजिनवाली फायबरची बोट आणली, लोकांना फिरवतो. ती तो पायऱ्यांना आडवी लावतो. तोंड एका खुंट्याला, शेपूट दुसऱ्याला, आणि गाठी अशा आवळतो की सुटत नाहीत. पहाटे चारला जाळी उचलायला जायचं तर आधी त्याच्या घरी जाऊन कडी वाजवावी लागते. बोललो तर म्हणतो, "घाट काय तुमच्या नावावर आहे का?" परवा धाकटा भाऊ दोर कापायला निघाला होता, आईने हातातला विळा काढून घेतला. काय करावं? – एक मच्छीमार, मुक्ताईनगर तालुका

आधी आईला माझा नमस्कार सांगा. दोर कापायचा नाही. रात्री सुटलेली होडी कुठे जाईल याचा नेम नाही. पूर्णेचं पाणी जोरात येत असेल तर ती तुमच्याच जाळ्यांतून आरपार जाईल, आणि सकाळी पंचायतीत मान खाली तुम्हालाच घालावी लागेल.

घाट तुमच्या नावावर नाही, हे तो बरोबर बोलला. त्याच्याही नावावर नाही, एवढं बोलायचं राहिलं.

आता गाठीचं. मी लाँचवर लागलो तेव्हा पहिला महिना मला सुकाणूला हात लावू दिला नाही. नुसत्या गाठी. आमचा म्हातारा खलाशी दोर हातात द्यायचा, डोळे मिटायला लावायचा आणि हात बादलीत बुडवायला लावायचा. "आंधारात, ओल्या हातानं, दुश्मनाले बी सोडता आली पायजे," असं म्हणायचा. सुरगाठ ती. शेपटाला झटका दिला की मोकळी. निरगाठ गाठोड्याला ठीक आहे. घाटावर निरगाठ मारणारा माणूस एक तर नवशिका असतो, नाही तर त्याला दुसऱ्यावर विश्वास नसतो. तुमचा शेजारी कोणत्या जातीचा ते तुम्हीच ओळखा; मला वाटतं नवशिकाच असावा. नवी बोट, बहुतेक कर्जाची, चोरीची भीती. भीती असेल तर साखळी-कुलूप लावावं, पण ते बोटीच्या कडीला आणि इंजिनाला. सगळ्यांच्या खुंट्याला नव्हे.

खुंटा एक आणि होड्या तीन, तरी भांडण न होता कशा बांधायच्या, ते सांगतो. खुंट्यावर आधीच कोणाचा तरी फास असतो. आपण आलो की आपला फास त्याच्यावरून टाकून देतो. आता खालच्याला आधी निघायचं असेल तर वरच्याचा सोडावा लागतो, आणि तिथेच आईमाई निघते. तसं करायचं नाही. आपला फास हातात घ्यायचा, आधीच्या फासाच्या पोटातून खालून वर काढायचा आणि मग खुंट्यावर चढवायचा. बस्स. आता तो आधी निघो की तुम्ही, कोणाचाही दोर कोणाला अडत नाही. करून पाहा, घरी पाट्यावर वरवंटा उभा करून आणि नाडीचे दोन फास घेऊनही जमतं. माझ्या नातीला दोन मिनिटांत जमलं, मला शिकायला आठवडा लागला होता.

दुसरं, आडवं लावणं. वीस फुटांची बोट आडवी लावली की वीस फूट घाट गेला. तीच तोंडाने काठाला लावली आणि मागून दोराला दगड किंवा छोटा नांगर टाकला, तर तिची रुंदी तेवढीच जागा जाते, पाच-सहा फूट. तेवढ्याच घाटावर तीन-चार होड्या बसतात. मध्ये स्कूटरचे जुने टायर लटकवा म्हणजे एकमेकींना घासणार नाहीत. आडवं लावायचंच असेल, म्हाताऱ्या माणसांना उतरवायला लावावंच लागतं, तर माणसं उतरेपर्यंत. नंतर बाजूला.

हे मी शहाणपणाने बोलतोय असं वाटेल, म्हणून माझीही एक सांगतो. महाशिवरात्रीची यात्रा होती. तापी-पूर्णेच्या संगमावर पाय ठेवायला जागा नाही, मेहूणकडून होड्यांवर होड्या येतायत. मी सुट्टीवर, स्वतःची छोटी होडी पायऱ्यांसमोर आडवी, घाईत निरगाठ मारलेली, आणि मी वर साबुदाण्याची खिचडी खात उभा. एका होडीत एक आजी होती, पाय मुरगळलेला. त्यांना पायऱ्यांपर्यंत येताच येईना. शेवटी नातवाने तिला पाठीवर घेतलं आणि गुडघाभर गाळातून वर आणलं. आजीची एक चप्पल गाळात राहिली. नातू ओरडत होता, "कोणाची रे ही होडी?" मी द्रोण हातात धरून गप्प उभा राहिलो. बोललो नाही. तो द्रोण अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी मी पहाटेच जाऊन पायऱ्यांपासून लांब, कडेला तिसरा खुंटा गाडला.

तेव्हा तुमच्याकडेही मुळात खुंटे कमी आहेत. ग्रामपंचायतीत अर्ज द्या. लोखंडी पाइप सिमेंटात रोवायला काही लाखांचं काम लागत नाही. कायद्याचंही सांगून ठेवतो. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 चा अंतर्देशीय जलयान कायदा आलाय. इंजिनवाल्या बोटीला तपासणी आणि नोंदणी लागते, आणि वल्ह्याच्या होड्यांचीही नोंद जिल्हा, तालुका किंवा पंचायत पातळीवर व्हावी असं त्यात म्हटलंय. त्याची नोंदणी विचारायच्या आधी आपली नोंद करून घ्या. तापी तर 2016 च्या कायद्याने हतनूरपासून खाली थेट खंबातच्या आखातापर्यंत राष्ट्रीय जलमार्ग आहे, क्रमांक 100. आणि आपल्याकडे दोन खुंट्यांवरून विळे निघतायत!

बोलायला पहाटे चारला जाऊ नका. त्या वेळी शहाणा माणूसही वाकडाच बोलतो. संध्याकाळी तो बोट धूत असेल तेव्हा जा, आणि वर सांगितलेला फास त्याला करून दाखवा.

आमच्या गावच्या घाटावर बायकांच्या धुण्याच्या दगडांनाच पुरुष मंडळी होड्या बांधतात. सकाळी आम्ही जातो तर दगडावर दोर, दगडाभोवती डिझेलचा तवंग. नऊवारी धुवायची कशात? – बचत गटातल्या एक ताई, रावेर तालुका

ताई, यात दुसरी बाजू नाही. धुण्याचा दगड हा खुंटा नव्हे. सासूच्या सासूपासून झिजलेला दगड आहे तो. गटाच्या पुढच्या बैठकीत ठराव करून ग्रामपंचायतीला द्या, आणि दगडांच्या रांगेच्या दोन्ही टोकांना चुन्याचे पट्टे मारा. इंजिनवाल्यांना सांगा, डिझेल भरायचं ते दगडांपासून लांब, खालच्या अंगाला, आणि नरसाळं लावून. बॅकवॉटरला पाणी हलत नाही, तवंग दोन-दोन दिवस तिथेच फिरतो. आणि एखाद्याचा दोर दगडावर सापडलाच तर सोडून जवळच्या झाडाला नीट बांधा. कापू नका, वर एका आईने विळा काढून घेतलाय.

तापीकाठच्या प्रकाशा गावाला तरुण मुलं बोट जोरात पळवतात. बांधलेल्या होड्या एकमेकींवर आपटतात. सांगितलं तर म्हणतात, "आम्ही तर तुमच्यापासून पन्नास फुटांवरून गेलो, हातसुद्धा लावला नाही." – शहादा तालुक्यातले एक काका

बोट हात लावत नाही काका, लाट लावते. बॅरेजमुळे, म्हणजे दरवाजांच्या बंधाऱ्यामुळे, तिथलं पाणी तळ्यासारखं उभं असतं, लाटेला काठाशिवाय अडवणारं काही नाही. मुलं एक चूक हमखास करतात: होड्यांच्या अगदी जवळ आल्यावर एकदम इंजिन कमी करतात. तोवर मागची मोठी लाट सुटलेली असते; बोट थांबते, लाट पुढे निघून जाते आणि तुमच्या होड्यांना झोडते. वेग कमी करायचा तो बराच आधी, आणि शेवटची होडी मागे पडेपर्यंत वाढवायचा नाही. ओळखायचं कसं? चालवणाऱ्याने मागे वळून पाहायचं. काठावर पाणी फुटताना दिसलं की वेग जास्त. एवढंच. एकदा त्यातल्या एकाला तुमच्या बांधलेल्या होडीत बसवा, हातात भरलेला चहाचा कप द्या आणि मित्राला बोट पळवायला सांगा.

मी नर्मदाकाठच्या एका गावात शिक्षक आहे. आमच्याकडे रस्ता म्हणजे पाणीच. संध्याकाळी नीट बांधलेली होडी सकाळी कधी कड्यावर लटकलेली सापडते, कधी नाकाने पाण्यात गेलेली. बांधणाऱ्याची चूक की पाण्याची? – अक्राणी तालुका

गुरुजी, पाण्याला चूक नसते, पण वेळापत्रक असतं. तुमच्याकडे सरदार सरोवराचं पाणी. वरच्या धरणांतून वीज तयार करायला पाणी सुटलं की चढतं, खाली सोडलं की उतरतं, आणि तुमचे काठ उभे. सपाट घाटावर पाणी हातभर उतरलं तर होडी गाळात बसते. उभ्या कड्यावर ती लटकते. दोर आखूड असेल आणि पाणी चढलं तर होडीचं नाक दोराने खाली ओढलं जातं आणि पाणी आत शिरतं. तुमचे दोन्ही प्रकार आखूड दोराचे आहेत.

एकच दोर सरळ बांधू नका. एक तोंडाकडून पुढे तिरका, एक शेपटाकडून मागे तिरका, दोन्ही लांब. पाणी जेवढं चढउतार करतं त्याच्या तिप्पट तरी दोर ठेवा. सैल होडी मग झुलते आणि शेजाऱ्याला धडकते, म्हणून मागून पाण्यात दगड टाकून ठेवा. आमच्याकडे हतनूरला 41 दरवाजे. ते उघडले की खालच्या गावांत पाणी चढतं, आमच्या वरच्या अंगाला मात्र उतरतं, नवख्याला हे उलटं वाटतं. दरवाजे उघडणार असं कळलं की आम्ही संध्याकाळीच सगळ्यांचे दोर सैल करायचो, आपले आणि शेजाऱ्याचेही. शेजाऱ्याच्या होडीला न विचारता हात लावायची परवानगी मी या एकाच कामासाठी देतो.

आणि तुमच्या पट्ट्यात तरंगता दवाखाना फिरतो, आजारी माणसाला होडीतूनच न्यावं लागतं. गावाच्या घाटावर एका होडीची जागा कायम रिकामी ठेवा. मुलांकडून त्या जागेचा दगड लाल रंगवून घ्या, चित्रकलेच्या तासाला.

तीन होड्या एकमेकींना जोडून बांधलेल्या असतील तर काठावर जायला दुसऱ्याच्या होडीतून जावंच लागतं. जाळं विणत बसलेला माणूस रागावतो. जावं की नाही? – भुसावळ

जावं. पण तोंडाकडच्या टोकावरून, मधून नाही. मध्ये माणूस बसतो, भाकरी खातो, कधी झोपतो. ते त्याचं घर आहे. "येऊ का भो?" म्हणायचं, चप्पल हातात घ्यायची, जाळ्यावर पाय द्यायचा नाही. रात्री उशिरा काठावरून आपल्या होडीत परतणार असाल तर काठाकडची जागा दुसऱ्याला देऊन आपण बाहेरच्या बाजूला बांधायचं नाही, उलट करायचं. नाही तर मध्यरात्री तुम्ही त्याच्या पोटावरून जाणार.

नाना, मी पर्यटकांना बोटीतून फिरवतो. मच्छीमार लोक होडी बांधून उरलेला दोर तसाच पाण्यात सोडतात, तो वर तरंगतो. त्यात माझ्या इंजिनाचा पाण्यातला पंखा दोनदा गुंडाळला गेला, एकदा बोटीत लहान मुलं होती. हे लोक ऐकत नाहीत. – एक बोटमालक, मुक्ताईनगर तालुका

तालुका वाचून मी पहिलं पत्र पुन्हा उघडलं. असो.

तुमची तक्रार खरी आहे. दुकानात स्वस्तात मिळणारा पिवळा-निळा प्लॅस्टिकचा दोर पाण्यापेक्षा हलका असतो, म्हणून तरंगतो. नायलॉनचा बुडतो. दोन्हींचा वीतभर तुकडा बादलीत टाकून मच्छीमारांना दाखवा. नायलॉन महाग पडत असेल तर उरलेला दोर गुंडाळून होडीत ठेवावा, किंवा त्याला छोटा दगड बांधावा. पंखा अडकला तर आधी इंजिन पूर्ण बंद, मगच हात. मुलांना बसवता तर सगळ्यांच्या अंगात जीवरक्षक जॅकेट हवं, बाकाखाली नको.

आणि एक करा. एखाद्या दिवशी पहाटे चारला घाटावर जाऊन बघा. तुमच्या दोराशी कोणीतरी अंधारात ओल्या हातांनी झटत असेल. बादली आणि दोराचे दोन तुकडे बरोबर न्या, म्हणजे तो प्रयोगही तिथेच उरकेल.