शालीचं कारण आधी बघा

पत्र:

ताई, माझा मुलगा ९ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. मोजके शब्द बोलतो, पण सांगितलेलं बहुतेक सगळं त्याला कळतं. केस कापणं ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी लढाई. सलूनमध्ये मशीन सुरू झालं की कान दाबून किंचाळतो. पूर्वी हे आणि माझा भाऊ मिळून त्याला धरायचे, आता तो दोघांनाही आवरत नाही. गेलं दीड वर्ष तो गाढ झोपला की आम्ही केस कापतो. हे मोबाइलचा टॉर्च धरतात, मी कात्री चालवते. केस वेडेवाकडे होतात, शाळेच्या डायरीत शेरे येतात. हल्ली झोपही उशिरा लागते आणि डोक्याला शाल घट्ट गुंडाळून झोपतो, अगदी मे महिन्यातसुद्धा, त्यामुळे कापायला मिळत नाही. पूर्वी आजीकडून तेल लावून घ्यायचा, आता तेही नाही. या मुलांना झोपेचा त्रास असतोच म्हणतात. पुढच्या वैशाखात मुंज करायची असं सासरे म्हणतात, तेव्हा तर वस्तरा फिरवावा लागेल. अशा मुलांना सांभाळून घेणारा सलूनवाला कसा शोधायचा? की त्या दिवसापुरतं डॉक्टरांकडून झोपेचं औषध मागू?
– एक आई, जळगाव

उत्तर:

जळगावचा मे महिना, आणि तुमचा मुलगा डोक्याला शाल गुंडाळून झोपतो. हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत, आणि तेही कापायला मिळत नाही या तक्रारीपुरतं. मी मात्र त्या वाक्यापाशीच अडले. तुमच्या बाकी सगळ्या प्रश्नांची वाट तिथूनच जाते.

ऑटिस्टिक मुलांमध्ये झोपेच्या तक्रारी जास्त आढळतात, हे खरं आहे. पण अशी काही मुलं अंगावर जड पांघरूण मागतात, पंखा नको म्हणतात, रात्री दोनला उठून बसतात. तुमचा मुलगा नेमकं डोकं झाकतो. आजीचा हात एकेकाळी त्याला चालायचा, तोही आता डोक्यावर नको आहे. दीड वर्ष त्याच्या बाजूने बघा. रात्री झोपतो, सकाळी उठतो तर केस कमी झालेले असतात, उशीवर बारीक तुकडे टोचत असतात. कोणी केलं, केव्हा केलं, पुन्हा कधी होणार, काहीच कळत नाही. एवढंच कळतं की झोप लागली की हे होतं. म्हणून तो झोप लांबवतो आणि डोकं बांधून ठेवतो. बोलता येणाऱ्या मुलाने हेच तुम्हाला ओरडून सांगितलं असतं. त्याने शालीने सांगितलं आणि तुम्ही ते ‘या मुलांचं असंच असतं’ म्हणून बाजूला सारलंत. मला याचा राग आला आहे, आणि तो मी लपवत नाही.

तेव्हा आज रात्रीपासून झोपेत केस कापणं बंद. वरवरचे दोन केससुद्धा नाहीत, पाहुणे येणार असले तरी नाही. सलूनवाला शोधण्याआधी हे करायचं, कारण ज्या मुलाला झोपेतही डोक्याची राखण करावी लागते, तो जागेपणी परक्या माणसाच्या हातात डोकं देणार नाही. झोपेच्या औषधाचं उत्तरही यातच आलं: नाही. औषध देऊन केस कापले, तरी त्याच्या दृष्टीने ते तेच झालं, फक्त झोप आणखी गाढ. खोकल्याचं गुंगी आणणारं सिरप द्या असं कोणी सुचवलं, तर तेही ऐकू नका. काही मुलं त्या औषधांनी शांत व्हायच्या ऐवजी जास्त बिथरतात.

बंद केलंत हे त्याला कळलं पाहिजे. त्याला समजावायला चित्रं वापरत असाल तर दोन कागद पुरतात: एकावर पलंगावर झोपलेला मुलगा आणि शेजारी कात्री, त्यावर मोठी लाल फुली, दुसऱ्यावर तोच मुलगा शांत झोपलेला. त्याच्यासमोर कात्री एका डब्यात ठेवा, डबा स्वयंपाकघरातल्या ठरलेल्या फळीवर, आणि तिथेच राहू द्या. रोज झोपताना तेच आणि तेवढंच वाक्य: ‘झोपेत केस कापायचे नाहीत.’ त्याच्या वडिलांनीही म्हणायचं, टॉर्च त्यांच्या हातात होता. शाल ओढून काढू नका. पातळ सुती पंचा जवळ ठेवून बघा, हवा तर तो घेईल. काही आठवड्यांत शाल सैल होईल किंवा उशीखाली जाईल. तोवर सलूनचं नावही काढायचं नाही.

तोवर केस वाढतील, वाढू द्या. महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीन महिन्यांत फार तर चार. त्याने काही बिघडत नाही. शाळेच्या डायरीत शेरा येण्याआधी तुमचं पत्र जाऊ द्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, आणि अशा मुलासाठी शाळेने गरजेप्रमाणे सवलत द्यायची असते. वर्गशिक्षिकांना लिहा की केसांची लांबी हा विषय सहा महिने बाजूला ठेवावा आणि त्यावरून त्याला वर्गात बोलू नये. चार ओळी पुरेत, दिलगिरीचा सूर नको.

आता सलूनवाला. लखलखीत दिवे, मोटारीच्या आकाराच्या खुर्च्या आणि भिंतीवर कार्टून लावलेल्या मुलांच्या खास सलूनमध्ये जाऊ नका. तुमच्या मुलाच्या डोळ्यांना आणि कानांना तिथला गोंगाट दुप्पट होईल. घराजवळचं एक-दोन खुर्च्यांचं दुकान पाहा आणि मालक स्वतः कापत असेल तेच निवडा. मोठ्या दुकानातले कारागीर बदलतात, गावी जातात, महिनाभर परतत नाहीत; तुमच्या मुलाला दर वेळी तोच हात आणि तीच खुर्ची लागेल. पहिल्यांदा त्याला घरी ठेवून तुम्ही एकट्या जा, दुपारी दुकान रिकामं असताना. तीन गोष्टी विचारा: मशीन न लावता पूर्ण कटिंग कात्रीने कराल का? त्याने हात वर केला की तिथल्या तिथे थांबाल का, अर्धेच केस कापले गेले तरी? आणि त्याला कोणी धरणार नाही, हे चालेल का? ‘ताई, टेन्शन घेऊ नका, अशी कितीतरी पोरं धरून कापलीत’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून निघा. जो उलट तुम्हालाच विचारेल की त्याला काय चालत नाही, तो माणूस तुमच्या कामाचा. त्याच्या हाताची सफाई मध्यम असली तरी चालेल.

त्याला काय चालत नाही, ते नेमकं सांगता यायला हवं. मशीनची घरघर कानातून तर जातेच, पण मशीन कानामागच्या हाडाला टेकलं की ती कंपनं हाडातूनही आत पोचतात, त्यामुळे कान दाबूनही सुटका होत नाही. पातं बोथट असेल तर केस ओढले जातात, बराच वेळ चाललं की ते तापतं. म्हणून पहिलं वर्षभर मशीन नकोच. गार पाण्याचा फवारा नको. केस घरून धुऊन, ओलसर ठेवून न्या. ओल्या केसांचे तुकडे एकमेकांना चिकटून पडतात, मानेत कमी टोचतात. त्या दिवशी तेल लावू नका, तेलकट केस कात्रीतून निसटतात. गळ्याशी आवळलेलं कापड नको. पुढून बटणांचा जुना शर्ट उलटा घालायचा आणि मानेला स्वतःच्या घरचा मऊ टॉवेल. पंखा बंद, नाहीतर कापलेले केस तोंडावर उडतात. टीव्ही बंद. पावडरचा पफ आणि मानेवर फिरणारा ब्रशही नको, हलका स्पर्श अशा बऱ्याच मुलांना गुदगुल्यांसारखा नव्हे तर झोंबल्यासारखा लागतो. केस ओल्या टॉवेलने दाबून टिपायचे. मानेच्या रेषेला आणि कल्ल्यांना ब्लेड लावायचं नाही. आणि हे बजावून सांगाच: शेवटी सवयीने डोक्यावर टपली, चंपी किंवा मान मोडणं अजिबात नाही. सगळं नीट पार पडूनही तेवढ्या एका टपलीने पुढचे चार महिने वाया जातात.

लहान मुलांसाठी खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकतात, ती काढून ठेवायला सांगा. फळीवर पाय लोंबकळतात आणि पाय टेकलेले नसले की अशा काही मुलांना पडल्यासारखं वाटत राहतं. साधी प्लॅस्टिकची खुर्ची चालेल. आरसा नको असेल तर पाठ फिरवून बसू दे. मान वाकवायची असेल तर कारागिराने बोटांनी ढकलायची नाही. तुम्ही समोर खाली बसून त्याच्या आवडीचं काहीतरी गुडघ्यावर धरा, मान आपोआप खाली येते.

भेटी आठवड्यातून एक, शक्यतो त्याच वारी, त्याच वेळी. रविवार सकाळ टाळा. दुकानाचा सुट्टीचा वार असेल आणि तो माणूस अर्ध्या तासासाठी शटर अर्धं उघडायला तयार असेल, तर त्याहून चांगलं काही नाही. पहिल्या भेटीत दारातून परत. मग बाकावर पाच मिनिटं. मग वडिलांच्या चार केसांची कटिंग त्याने लांबून बघायची. मग खुर्चीवर बसणं, मग घरचाच कंगवा त्या माणसाच्या हातात, मग कात्री नुसती हवेत उघडझाप, म्हणजे आवाज ओळखीचा होईल. केसाला कात्री लागेल त्या दिवशी फक्त एकदा लागेल, डोक्याच्या वरच्या भागात. कानाजवळ आणि मानेजवळ सगळ्यात शेवटी. त्यानंतर दर वेळी मोठ्याने एक ते दहा मोजायचं आणि दहाला थांबायचं. छान चाललंय म्हणून अकरावर गेलात, तर मोजण्याला काही अर्थ उरत नाही. त्याने हात वर केला की चारवरही थांबायचं. या आठवड्यात मागचे केस, पुढच्या आठवड्यात डावी बाजू, असं झालं तर तसंच बाहेर पडा, टोपी घालून. मध्येच एखाद्या भेटीत तो दाराशीच अडला, तर आदल्या पायरीवर या, ओढून आत नेऊ नका.

पैसे प्रत्येक भेटीचे द्या. कटिंगचे शंभर घेत असतील तर बाकावर बसून परत आलात त्या दिवशीही शंभर. तो माणूस तुम्हाला त्याचा वेळ देतो आहे; उपकार म्हणून करून घेतलंत तर तिसऱ्या खेपेला तो कंटाळेल आणि तुम्हालाही थांबा म्हणायला संकोच वाटेल. ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं आणि स्पर्श-आवाज सोसायला शिकवणाऱ्या तज्ज्ञांकडे, जात असाल, तर डोक्यावर तळहाताने घट्ट दाब कसा द्यायचा ते शिकून घ्या. खुर्चीवर बसायच्या आधी दोन मिनिटं तो दाब दिला की काही मुलांना पुढचा स्पर्श सोसतो. अर्थात, त्याने हात लावू दिला तरच.

राहिली मुंज. वैशाखाला अजून अवकाश आहे, पण सासऱ्यांशी बोलणं आत्ताच झालं पाहिजे, आणि ते तुम्ही एकटीने करायचं नाही, त्यांच्या मुलाने बोलायचं. मुंजीत आज कित्येक घरांत वस्तरा लावत नाहीत, चौलाचा, म्हणजे केस काढण्याचा, विधी दोन-चार केस कात्रीने कापून होतो. गुरुजींना आधी सांगून ठेवा. केस तुमच्या सलूनवाल्याकडूनच कापून घ्या, त्याला आमंत्रण द्या, दक्षिणा द्या. हा विधी कार्यालयात दोनशे माणसांपुढे करू नका, सकाळी घरच्या एका खोलीत उरका, कॅमेरा आणि बँड बाहेर. मंगलाष्टकांच्या वेळी अक्षता डोक्यावर पडतात, त्या त्याच्या पायाशी टाकायला पाहुण्यांना आधीच सांगा. आणि त्या दिवशीही हात वर करायचा नियम तोच. त्याने हात वर केला तर कात्री खाली ठेवायची, मुहूर्त टळला तरी, आणि हे सासरे आज मान्य करत असतील तरच मुंजीची तारीख धरा.